मोटारसायकलचा गिअर पडत नाही? इंजिन उघडण्याआधी हे पाहा



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या मोटारसायकलीला उसंत राहत नाही. पहाटे दुधाचे कॅन डेअरीवर, तिथून तोड चालू असलेल्या फडावर, फडावरून गट ऑफिसला, मग मुकादमाकडे, आणि दिवस मावळताना पुन्हा विहिरीच्या मोटारीवर. हे सगळे पाटाच्या कडेने, काळ्या मातीतून, नाहीतर उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावरून. टोळी फडात येऊन उभी आहे आणि आपली गाडी गॅरेजात पडली आहे, अशी वेळ आली म्हणजे माणसाचा जीव खालीवर होतो.

या दिवसांत आमच्या कानावर हमखास येणाऱ्या तक्रारी म्हणजे "गिअरच पडत नाही", "न्यूट्रल सापडत नाही", "दुसरा मध्येच सुटतो". गाडी गॅरेजात जाते, इंजिन उतरवले जाते, चार दिवस मोडतात आणि उसाच्या बिलातून खर्च भागवावा लागतो. कधी तर इतके करूनही गिअर पहिल्यासारखाच अडतो. कारण दुखणे गिअरचे नसतेच. ते क्लचच्या वायरीत असते, पायाखालच्या लिव्हरात असते, नाहीतर इंजिनात ओतलेल्या तेलात असते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

मिस्त्रीला दोष देण्याचे कारण नाही. आपण "गिअर बिघडलाय" एवढेच सांगितले तर तो बिचारा गिअरच उघडणार. दुखणे कुठे आहे हे निम्मे तरी आपल्याला सांगता आले पाहिजे. त्यासाठी दोन पाने, एक पक्कड आणि अर्धा तास पुरतो.

जुन्या गाड्या, जुन्या सवयी

आपल्या भागात सहकारी साखर कारखानदारी रुजली ती लोणीच्या प्रवरा कारखान्यापासून. १९५०-५१ च्या हंगामात तिथे पहिले गाळप झाले. पुढे उसाचा पैसा घरात येऊ लागला तसतशा सायकली मागे पडून मोटारसायकली आल्या. मद्रासची बुलेट, म्हैसूरची जावा आणि नंतर येझदी, आणि दूधवाल्यांची लाडकी राजदूत.

या गाड्यांचे गिअर एकमेकांशी जुळत नसत. बुलेटचा गिअर तेव्हा उजव्या पायाला होता. पहिला वर आणि बाकीचे खाली. न्यूट्रल सापडावा म्हणून तिला टाचेने दाबायचा वेगळा छोटा लिव्हरही असे. जावाला तर किक आणि गिअर यांचा लिव्हर एकच. राजदूतला तीनच गिअर. आपल्याच नगरला (आता जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर) कायनेटिकने १९७२ साली लुना आणली, तिला गिअरच नव्हते. पुष्कळ घरांत मास्तरीणबाई आणि म्हातारी माणसे लुनावर फिरू लागली ती यामुळेच. २०२४ साली विजेवरची लुना बाजारात आली, तिलाही गिअर नाहीत. ज्यांना हा व्याप नकोच असेल त्यांना तोही मार्ग आहे.

१९८५ साली हिरो होंडाची शंभर सीसीची गाडी आली आणि चार स्ट्रोकच्या लहान गाड्या घरोघर झाल्या. इथे एक बदल झाला, तो मात्र आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या अजून अंगवळणी पडलेला नाही. राजदूतसारख्या दोन स्ट्रोकच्या गाडीत इंजिनाचे तेल पेट्रोलमध्ये मिसळून जाई आणि गिअरबॉक्सचे तेल वेगळे असे. आजच्या चार स्ट्रोकच्या बहुतेक गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअर ही तिन्ही एकाच तेलात चालतात. ते तेल बिघडले किंवा चुकीचे पडले की तिघांनाही बाधते. "गिअरबॉक्सात कसलंही तेल चालतंय" ही राजदूतच्या काळची समजूत आता सोडून दिली पाहिजे.

गिअर बदलतो म्हणजे काय होते

गिअरच्या पेटीत दोन शाफ्ट असतात आणि त्यांवर गिअरच्या जोड्या. या जोड्यांचे दात कायमच एकमेकांत गुंतलेले असतात. आपण लिव्हर दाबतो तेव्हा दात नवीन गुंतत नाहीत. एका गिअरच्या कुशीला असलेले जाड खुंटे सरकून शेजारच्या गिअरच्या खाचांत जाऊन बसतात. या खुंट्यांना मिस्त्री 'डॉग' म्हणतात. त्यांना सरकवतो तो बेचक्यासारखा फोर्क. फोर्काला हलवतो तो खाचा पाडलेला ड्रम. आणि ड्रमाला फिरवतो आपल्या पायाखालचा लिव्हर.

आता ट्रॉलीची पिन आठवा. ट्रॅक्टरने ट्रॉली ओढून धरली असली तर पिन कितीही जोर लावला तरी निघत नाही. ट्रॅक्टर इंचभर मागे घेतला, ताण सैल झाला, की तीच पिन दोन बोटांनी निघते. गिअरचे खुंटे अगदी तसेच आहेत. इंजिनाची ओढ चालू असताना ते खाचेतून सुटत नाहीत. ही ओढ घटकाभर तोडून देणे एवढेच क्लचचे काम. क्लचने ओढ पुरती तोडली नाही तर गिअर कडक लागणार, खडखडणार, न्यूट्रल सापडणार नाही. म्हणजे गिअर अडतो, पण गुन्हा क्लचचा असतो.

पहिली परीक्षा: इंजिन बंद, मग इंजिन चालू

गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर लावा. इंजिन बंद ठेवा, किल्ली काढून घ्या. एका हाताने मागचे चाक टायरला धरून सावकाश फिरवत दुसऱ्या हाताने लिव्हर दाबून एकेक गिअर टाकून पाहा. चेनपाशी बोटे नेऊ नका आणि लहान मुलांना जवळ उभे करू नका. मधला स्टँड नसेल तर गाडी पुढेमागे ढकलत गिअर टाकावा. चाक न हलवता नुसता लिव्हर दाबला तर खुंट्यासमोर खुंटा येऊन गिअर अडू शकतो. तो बिघाड नव्हे.

इंजिन बंद असताना सगळे गिअर सरळ पडले, न्यूट्रलही सापडला, पण इंजिन चालू केल्यावर मात्र अडू लागले, तर गिअरची पेटी बहुधा ठीक आहे. दुखणे क्लचमध्ये किंवा तेलात आहे.

इंजिन बंद असतानाही गिअर पडत नसतील, तर आधी बाहेरचा लिव्हर पाहावा आणि मगच आत जाण्याचा विचार करावा.

आणखी एक सोपी परीक्षा. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, क्लच पूर्ण दाबलेला. आता गाडी ढकला. ती मोकळी चालली पाहिजे. जड चालली, इंजिनाला ओढत नेत असल्यासारखी वाटली, तर क्लच पुरता सुटत नाही. गाडी महिना दोन महिने उभी राहिली असेल तर क्लचच्या प्लेटी एकमेकींना चिकटतात. अशा वेळी क्लच दाबून याच रीतीने चार-सहा वेळा पुढेमागे ढकलले की बहुतेक वेळा त्या सुटतात.

क्लचची वायर

क्लचचा लिव्हर हाताने हळूच ओढून पाहा. सुरुवातीला तो थोडा मोकळा हलतो आणि मग जोर लागू लागतो. ही मोकळी हालचाल लहान गाड्यांत लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर असावी. आपल्या गाडीचा नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात असतो. ते पुस्तक कपाटात ठेवायला दिलेले नाही!

ढिलाई जास्त झाली तर क्लच अर्धाच सुटतो. त्याची लक्षणे अशी: पहिला गिअर टाकताना गाडी झटका देऊन पुढे सरकते, सिग्नलला किंवा काट्यासमोर उभे राहिल्यावर न्यूट्रल सापडत नाही, उतरताना गिअर करकरतो. ढिलाई अजिबात नसली तर उलटे होते. क्लच कायम अर्धवट दाबल्यासारखा राहून घसरतो. इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही. चंदनापुरीच्या किंवा करंजीच्या घाटात हे लगेच कळते. असा घसरता क्लच चालवत राहिले की प्लेटी जळतात, जळकट वास येऊ लागतो आणि मग खर्चाला पर्याय उरत नाही.

वायर दोन ठिकाणी आवळता येते. एक हँडलापाशी आणि दुसरे इंजिनापाशी. आवळल्यावर वरचा नट घट्ट करायला विसरू नये. शिवाय दोन्ही टोकांशी वायरीचे तार पाहावेत. एखादा तार जरी तुटून फुललेला दिसला तरी वायर बदलून घ्यावी. ती स्वस्त वस्तू आहे, आणि तुटते ती नेमकी अडचणीच्या जागीच. हँडलाला दुधाची किटली, पिशवी, विळा अडकवण्याची आपली सवय असते. त्याने वायर मुडपते आणि जड चालू लागते. वायरीत माती गेली असल्यास ती वरच्या टोकाला सोडवून पातळ तेलाचे थेंब आत सोडावेत. आत नायलॉनचे अस्तर असलेल्या वायरीसाठी मात्र पुस्तकात सांगितले असेल तसेच करावे.

पायाखालचा लिव्हर

गिअरचा लिव्हर शाफ्टवर बारीक दातांनी बसलेला असतो आणि एका बोल्टने आवळलेला असतो. बोल्ट ढिला झाला की पाय दाबला जातो, लिव्हर हलतो, पण शाफ्ट पुरता फिरत नाही. वाटते गिअर अर्धा पडतोय. लिव्हर हाताने हलवून पाहावा. तो हलतो आणि शाफ्ट जागचा हलत नाही, असे दिसले तर बोल्ट काढून दात तपासावेत. दात चांगले असतील तर नुसते आवळून भागते. लिव्हरचे दात झिजले असतील तर लिव्हर बदलावा. शाफ्टचे दात गेले म्हणजे काम वाढते. म्हणून ढिला बोल्ट तसाच चालवू नये.

गाडी फडात किंवा चिखलात आडवी झाली असेल तर लिव्हर वाकून फुटरेस्टला किंवा इंजिनाच्या झाकणाला टेकतो. मग एखादाच गिअर पडत नाही, बाकीचे पडतात. लिव्हराखाली साचलेला चिखल, उसाचे पाचट यांनीही असेच होते. आधी खराट्याने आणि पाण्याने ती जागा स्वच्छ करा. पुष्कळांचा बिघाड तिथेच संपेल.

तेल

शंभर सीसीच्या गाडीत तेल जेमतेम लिटरभर असते. ते अर्धा पाव लिटरने कमी झाले तरी फरक पडतो. गाडी सपाट जागी सरळ उभी करून काडीने तेल पाहावे. तेल कमी झाले, जुने होऊन पाण्यासारखे पातळ झाले किंवा मातकट झाले की गिअर कडक पडू लागतात.

आपल्या घरात ट्रॅक्टरच्या तेलाचा कॅन असतोच. "तेल ते तेल" म्हणून त्यातलेच चार कप मोटारसायकलमध्ये ओतले जातात. हे करू नये. मोटारसायकलचा क्लच तेलात बुडालेला असतो आणि तरीही त्याच्या प्लेटींनी एकमेकींना घट्ट धरायचे असते. ट्रॅक्टरचे तेल त्या कामासाठी बनवलेले नसते. मोटारीच्या काही तेलांत तर घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात, त्यांनी क्लच घसरतो. मोटारसायकलच्या तेलाच्या डब्यावर 'जासो एमए' असा शिक्का असतो तो पाहून घ्यावा, आणि जाडीचा आकडाही पुस्तकातलाच घ्यावा. जाड तेल चांगले असा समज आहे. थंडीच्या पहाटे जाड तेलाने क्लचच्या प्लेटी सुटत नाहीत आणि पहिला गिअर धाडकन पडतो. गाडी तापल्यावर तक्रार आपोआप थांबत असेल तर तेलाकडे पाहावे.

चेन

चेन लोंबत असली तर गिअर बदलताना प्रत्येक वेळी झटका बसतो आणि माणसाला वाटते गिअर खराब झाला. चेन मधोमध वरखाली हलवून पाहावी. लहान गाड्यांत साधारण २० ते ३० मिलिमीटर ढिलाई ठीक. बंद चेनकव्हर असेल तर त्याचे रबरी बूच काढून बोटाने पाहता येते, अर्थात इंजिन बंद ठेवूनच. चेन अति ताणणेही वाईट, त्याने शाफ्टच्या बेअरिंगवर भार येतो. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवून आवळावी. स्पॉकेटचे दात एका बाजूला वाकून टोकदार झाले असतील तर चेन आणि दोन्ही स्पॉकेट मिळूनच बदलावीत.

आता मिस्त्रीकडे जावेच

वरचे सगळे पाहूनही तक्रार राहिली तर दुखणे आत आहे. त्यातही दोन प्रकार आहेत आणि खर्चाच्या दृष्टीने दोहोंत मोठा फरक आहे.

लिव्हर दाबल्यावर परत जागेवर येत नाही, किंवा गिअर पडला की नाही हे पायाला कळतच नाही, तर लिव्हरची स्प्रिंग किंवा ड्रमला जागेवर धरणारा स्टॉपर यांत दोष असू शकतो. बऱ्याच लहान गाड्यांत हे भाग क्लचच्या बाजूचे झाकण उघडून हाती लागतात. सगळे इंजिन दुभागावे लागत नाही.

चालू गाडीत, ओढ असताना, तोच एक गिअर वारंवार सुटतो, तेही लिव्हर नीट असून, तर खुंट्यांचे कोपरे गोल झाले असतील किंवा फोर्क वाकला असेल. तेल बदलताना धातूचे तुकडे निघाले तर संशय पक्का. इथे इंजिन उघडण्याला इलाज नाही, आणि उशीर केला तर एका गिअरचे दुखणे पाचांवर जाते.

मिस्त्रीला सांगताना असे सांगावे: कोणता गिअर, वर जाताना की खाली येताना, इंजिन थंड असताना की तापल्यावर, इंजिन बंद असताना पडतो का, तेल कधी आणि कोणते टाकले, गाडी पडली होती का. बदललेले जुने भाग मागून घ्यावेत आणि गोल झालेला कोपरा किंवा वाकलेला फोर्क स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. चांगला मिस्त्री आनंदाने दाखवतो.

पायाच्या आणि हाताच्या सवयी

गिअरच्या लिव्हरवर पाय ठेवून गाडी चालवू नये. सततच्या भाराने फोर्क झिजतो. क्लचवर दोन बोटे ठेवून चालवले की प्लेटी घसरत राहतात. दोन्ही बाजूंना भरलेले कॅन आणि मागे माणूस असताना दुसऱ्या गिअरवर उठवणे म्हणजे क्लच जाळणे. गिअर एकदा, पुरता आणि ठामपणे दाबावा. अर्धवट दाबला की खुंटे काठावरच राहतात आणि पहिल्या झटक्याला सुटतात. घरात दोन तऱ्हेच्या गाड्या असतील तर दुसऱ्याच्या गाडीवर बसण्याआधी गिअर कुठे आणि कसे पडतात हे विचारून घ्यावे. जुन्या बुलेटची सवय असलेला पाय गिअर समजून ब्रेक दाबतो, हे आपल्याकडे नवीन नाही.

हे सगळे कशासाठी

खर्चाचे सांगून झाले, पण त्याहून मोठी गोष्ट जिवाची आहे. हंगामात आपले रस्ते उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांनी भरलेले असतात. रात्री कित्येक ट्रॉल्यांना मागे ना दिवा असतो ना चकाकती पट्टी. अशा ट्रॉलीला ओलांडताना गाडी अर्ध्यात आली आणि गिअर सुटला तर इंजिन नुसतेच ओरडते, गाडी पुढे जात नाही, आणि समोरून येणारा थांबत नाही. घाबरून लिव्हर दोनदा दाबला आणि फार खालचा गिअर पडला तर मागचे चाक अडून गाडी घसरते. असे झाले तर रेस सोडावी, क्लच दाबावा, ट्रॉलीच्या मागे परत यावे आणि कडेला थांबावे. क्लचची वायर वाटेत तुटली तरी हीच रीत: रेस सोडून हळूहळू ब्रेक लावत कडेला यावे आणि इंजिनाचा स्विच बंद करावा. ज्या गाडीचा गिअर सुटतो हे आपल्याला ठाऊक आहे, त्या गाडीवर दुरुस्तीपर्यंत ट्रॉली ओलांडूच नये, आणि पोरांना शाळेलाही सोडू नये.

तोडीचा प्रोग्रॅम येण्याआधी एका सकाळी क्लचची वायर, लिव्हरचा बोल्ट, तेल आणि चेन एवढे चार जिन्नस तपासून घ्यावेत. बैलजोडी औताला धरण्याआधी आपण जू, शिवळा आणि जोती पाहत होतोच. मोटारसायकल त्या बैलांच्याच जागी आली आहे. घरात गाडी चालवणारी मुले-मुली असतील तर त्यांच्याही हाती हा अंक द्यावा आणि वरची परीक्षा त्यांच्याकडून एकदा करून घ्यावी.